बालविभागाचं कपाट रद्दीत घालण्याआधी जरा थांबा

प्रति,
माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
आपल्या गावचं सार्वजनिक वाचनालय.

विषय : बालविभाग बंद करून जुनी पुस्तकं निर्लेखित करण्याची नोटीस.

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आईकडे आले होते, रिक्षा मिळेना म्हणून स्टँडवरनं चालतच निघाले आणि वाचनालयापाशी सवयीनं पाय थांबले. बोर्डावर नोटीस. बालविभाग १ जूनपासून बंद, त्या जागी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका, आणि बालविभागातली 'जीर्ण व वापरात नसलेली' पुस्तकं निर्लेखित करण्यात येतील. निर्लेखित! शब्द कसला भारी आहे बघा, म्हणजे रद्दीवाला येणार, काट्याला अडकवून वजन करणार आणि किलोच्या भावानं पोत्यात भरून नेणार, एवढंच ना? आत जाऊन विचारावं म्हटलं तर कार्यवाह जेवायला गेलेले, तासभर थांबले, आले नाहीत. म्हणून हे इथं सगळ्यांदेखत लिहितेय, म्हणजे आपल्या गावचे पुण्यामुंबईत आणि पार परदेशात पांगलेले जे कोण आहेत त्यांच्याही डोळ्याखालून जाईल.

आधीच सांगते, माझं अभ्यासिकेशी भांडण नाही. सख्खा भाचा राज्यसेवेची तयारी करतोय, घरात दोन खोल्या आणि त्यात दिवसभर चालू असलेला टीव्ही, त्याला बसायला जागा कुठाय ते मला ठाऊक आहे. अनुदान वेळेवर येत नाही, आलं तर पगारातच संपतं, छप्पर गळतं, हेही ठाऊक आहे. पण नोटिशीत खाली एक वाक्य आहे, 'हल्ली मुले बालविभागाकडे फिरकत नाहीत', ते काही माझ्या घशाखाली उतरेना. कारण दाराला कुलूप होतं आणि कुलपाशेजारी दुसरा कागद होता, 'वार्षिक मोजणीनिमित्त बालविभाग १ ते ३१ मे बंद'. अहो, मे महिन्यात बंद? शाळेला सुट्टी असते तेवढाच एक महिना नेमका बंद, आणि वर मुलं येत नाहीत म्हणून तक्रार. याला काय म्हणावं!

आमच्या वेळी कसं होतं ते सांगते. 'आमच्या वेळी' म्हणणाऱ्या माणसांचा मला स्वतःला फार कंटाळा येतो, पण आता माझंच वय झालंय तर म्हणून घेते.

मी शाळेत होते ती सालं १९८६ ते ९६. तेव्हाही बालविभाग मे महिन्यात दुपारी उघडा ठेवायचा असा काही नियम नव्हता, उलट नियमानं दुपारी बारा ते चार वाचनालय बंदच असायचं. पण ग्रंथपाल काका घरी जायचे नाहीत. त्यांच्या घराला पत्रा होता आणि आपल्या वाचनालयाला दगडी भिंती आणि खाली शहाबादी फरशी, मग कोण जाईल उन्हात पत्र्याखाली. ते बालविभागाच्या फरशीवर पंचा अंथरून झोपायचे आणि वारा यावा म्हणून दार उघडं टाकायचे. बस एवढंच. उघड्या दारातनं आम्ही आत. वाचन चळवळ, संस्कार वगैरे तिथं काही नव्हतं, एका माणसाला उकडत होतं म्हणून गावातली तीसेक पोरं वाचायला लागली. काकांची अट एकच होती, आवाज नको. पान उलटायचा आवाज मोठा झाला तरी झोपेतनं 'हूं' यायचं.

दिवसाला एकच पुस्तक मिळायचं. सकाळी नेलेलं दुपारी वाचून परत आणलं तरी 'आज बदललंस ना, मग उद्या ये'. त्यांचं नावच आम्ही 'उद्या-ये' काका पाडलं होतं. यावर आम्ही तोड काढली ती अशी की चांदोबा आणि किशोरचे सहा सहा अंक एकत्र बांधून त्याला पुठ्ठा घातलेले जे जाड व्हॉल्यूम होते ते दप्तरी एक पुस्तक धरले जायचे. सहा अंक, पण कार्डावर नोंद एक! त्या व्हॉल्यूमसाठी जी मारामारी व्हायची ती रेशनच्या रॉकेलला सुद्धा होत नसेल. पुस्तकाच्या पाठीवर 'बा' आणि पुढं आकडा अशी चिठ्ठी असायची आणि आम्हाला पुस्तकाच्या नावाऐवजी तो आकडाच पाठ असायचा. 'ए, २१७ कुणाकडे आहे?' असं रस्त्यात विचारायचो. २१७ म्हणजे चांदोबाचा विक्रम-वेताळवाला सर्वात जाड गठ्ठा.

त्या चांदोबाचं मला मोठेपणी कळलं तेव्हा गंमत वाटली. मला तो अस्सल मराठी वाटायचा, आपल्याच कुठल्यातरी आजोबांनी लिहिल्यासारखा, आणि निघायचा कुठं तर मद्रासला. १९४७ च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाला, नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघांनी काढला, मराठी चांदोबा १९५२ पासून. म्हणजे मी इथं ज्या वेताळाला घाबरत होते त्यालाच तिकडं विजयवाड्याला कुणीतरी पोरगी घाबरत होती. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, ते चित्र काढणारे शंकर २०२० साली वारले, नव्वदी पार केलेले होते. बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते आणि डोळ्यासमोर आली ती आपल्या बालविभागाची फरशी. चांदोबात फोटोला ओळ सुचवायची स्पर्धा असायची, दोन फोटो आणि दोघांना जुळणारी ओळ. पंधरा पैशाच्या पोस्टकार्डावर मी निदान आठ वेळा पाठवली असेल. नंबर कधी आला नाही आणि तसा यायलाही नको होता, कारण माझी प्रत्येक ओळ आमच्या म्हशीवर असायची.

आता माझ्या घरचं. मी वाचायला लागले त्याचं खरं श्रेय वाळवणाला. दादाला सुट्टीत क्रिकेट, मला गच्ची. आजीचा हिशोब सरळ होता, पोरगा उन्हात खेळतो आणि पोरगी उन्हात राखण करते. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, चीक काढून, पहाटे चारला उठून तो शिजवायचा, हिंग-मीठ घातलेला गरम चीक वाटीभर खायला मिळायचा (त्याच्यासाठी मी आजही पहाटे उठेन), मग ऊन चढायच्या आत सोऱ्यानं कुरडया धोतरावर घालायच्या. साडेआठला सगळ्या बायका खाली आणि मी वर. सोबत काळी छत्री, तिला उलटी टांगलेली काळी फडकी कावळ्यांसाठी, एक काठी, तांब्याभर पाणी आणि दिवसाचं एक पुस्तक. साडेआठ ते पाच. विचार करा, नऊ वर्षांची पोरगी, साडेआठ तास, एक पुस्तक. ते पुस्तक मी तीनदा वाचायचे, मग उलटीकडनं वाचायचे, मग किंमत, मुद्रक, प्रकाशक, आवृत्ती सगळं वाचायचे. दादाला आजही वाटतं की मी जात्याच हुशार होते. जात्याच कसली, मला खाली सोडतच नव्हते.

आणि त्यात एकदा घोळ झालाच. फास्टर फेणे वाचत होते. फुरसुंगीचा बनेश फेणे, काडीपैलवान, सायकलवर बसून पुणं पालथं घालणारा आणि काही सुचलं की 'ट्टॉक' करणारा, आणि नेमका तो कुठंतरी कोंडला गेलेला, आता सुटतो की नाही अशा जागी मी आलेले, आणि मागं धपधप आवाज आला पण मला वाटलं तो पुस्तकातलाच. वर बघते तर वानरांची अख्खी टोळी. एक म्हाताऱ्यासारखं वानर माझ्यापासून चार हातावर बसून ओली कुरडई सावकाश सोडवून सोडवून खात होतं, शेवया खातात तसं. मी किंचाळले, काठी फेकली, ती कुरडयांवरच पडली, तांब्या सांडला तो उरलेल्यांवर. अर्धं धोतर गेलं. आजी वर आली, बघितलं, आणि मला वाटलं आता बसतीय पाठीत, तर ती एवढंच म्हणाली, 'सुटला का गं तो तुझा पोरगा?' मी मान हलवली. 'बरं झालं. आता हे गोळा कर.' पुस्तकाच्या पानावर चिकाचा ठसा बसला तो बसलाच, वाळल्यावर कडक झाला, भिंगरीएवढा. काकांनी परत घेताना बघितला, नखानं खरवडला, हुंगला, आणि म्हणाले हिंग जास्त झालाय.

फास्टर फेणे लिहिणाऱ्या भा. रा. भागवतांचा जन्म ३१ मेचा, १९१० साली. हे मला कळलं तेव्हा वाटलं बरोबरच आहे, सुट्टी संपत आली की पोटात गोळा यायचा त्याच आठवड्यात जन्मलेला माणूस. त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, पोरांसाठी 'बालमित्र' काढलं, बिपीन बुकलवार नावाचा पुस्तकातला किडाही आमच्यासाठी लिहिला. एकच तक्रार आहे माझी आणि ती तेव्हाही होती, सगळे हीरो पोरगेच. मी वहीत फास्टर फेणेची बहीण लिहिली होती, तिच्याकडे सायकल नव्हती, काठी होती.

आता एक कबुली. आम्ही जे वाचायचो ते मोठ्यांना अजिबात पसंत नव्हतं. आज व्यासपीठावर 'वाचनसंस्कृती' म्हणून जे गळा काढतात त्यांच्याच पिढीनं आमच्या हातातनं कॉमिक्स हिसकावून घेतलेत, मी नावं घेत नाही. इंद्रजाल कॉमिक्स तर बंबात घालायच्या लायकीचं समजलं जायचं. १९६४ ला टाइम्सवाल्यांनी काढलेलं ते, ९० ला बंद झालं, आमच्या वाट्याला त्याची शेपटीच आली. पण काय शेपटी! त्यातल्या वेताळाचा (विक्रमचा नव्हे, फँटमचा) ठोसा बसला की गालावर कवटीचा ठसा, तो आयुष्यभर जात नाही, हे आम्हाला इतकं खरं वाटायचं की एका पोरानं अंगठी म्हणून नट घालून दुसऱ्याला ठोसा मारला आणि ठसा उमटतोय का बघत बसला. (उमटला. टाके पडले.) मँड्रेक होता, आणि आबिद सुरतींचा बहादूर होता, तो तर चंबळच्या बाजूचा आपला माणूस, कुर्ता आणि जीन्स घालायचा. कुर्त्यावर जीन्स घालायची फॅशन आपल्या गावात बहादूरमुळं आली असं माझं ठाम मत आहे.

अमर चित्र कथेला मात्र घरात मान. ते 'चांगलं' होतं. अनंत पै दिल्लीत दूरदर्शनवर मुलांची प्रश्नमंजुषा बघत होते, पोरांना ग्रीक देवांची उत्तरं आली आणि रामाच्या आईचं नाव येईना, त्यावरनं १९६७ ला हे सुरू झालं, ही गोष्ट आम्हाला बाईंनी वर्गात सांगितली होती. आम्ही लगेच कौसल्या पाठ करून ठेवलं, न जाणो आपल्यालाही कुणी विचारलं तर.

आणि टीव्हीनं वाचन मारलं हे जे सगळे म्हणतात ना, तुमच्याच एका सदस्यांनी गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात म्हटलं म्हणे, ते आपल्या बालविभागाच्या देवघेव रजिस्टरला विचारा. असेल तर बघा काढून. महाभारत दूरदर्शनवर १९८८ च्या ऑक्टोबरपासून ९० च्या जूनपर्यंत चाललं, दर रविवारी सकाळी. ते संपेपर्यंत रस्त्यावर कुत्रं नसायचं आणि काका वाचनालय उघडायचेच नाहीत, कारण तेही समोरच्या टेलरच्या घरी बघायला बसलेले. एपिसोड संपला की आम्ही तिथनंच त्यांच्या मागं पळत यायचो, कारण आज कर्णाचं दाखवलं म्हणजे कर्णाचं पुस्तक आज जाणार, पहिला पोचेल त्याला. पुढच्या रविवारी काय होणार ते आधी वाचून ठेवायचं आणि मग टेलरच्या घरी बसून सगळ्यांना आधीच सांगायचं, यात जो आनंद होता! टेलरच्या आईनं मला एकदा बाहेर काढलं होतं त्यावरून, अभिमन्यूचं मी आधीच फोडलं म्हणून. १९९० ला मराठीत गोट्या लागली तर ताम्हणकरांचं गोट्याचं पुस्तक तीन महिने हाताला लागलं नाही. ९३ ला रविवारी मोगली सुरू झाला, ते चड्डी पहन के वालं गाणं सगळ्या गल्लीच्या तोंडी, आणि काकांकडं रांग, मोगलीचं पुस्तक आहे का. काकांना मोगली कोण तेच माहीत नव्हतं, त्यांनी टारझन दिला. चालला.

टीव्ही आठवड्यातनं अर्धा तास पोरांचा होता आणि उरलेला आठवडा रिकामा होता, आणि त्या रिकाम्या जागेत शेजारी दार उघडं होतं. माझ्या मुलीच्या हातात मोबाईल आहे आणि तो दार बंद करत नाही कधीच, दुपारी बाराला सुद्धा. तुमच्या दाराला मे महिनाभर कुलूप. मग ती कुणाकडं जाईल?

सुट्टीत आम्ही स्वतःचं वाचनालय सुद्धा काढलेलं, जिन्याखाली. ते सांगितलं पाहिजे कारण तिथं मला तुमचं, म्हणजे कार्यकारी मंडळाचं, दुःख कळलं. भांडवल चौदा पुस्तकं, त्यातली पाच दादाची, तीन शेजारच्यांची न विचारता आणलेली. भाडं दिवसाला दहा पैसे, चंपक असेल तर पाच, कारण बारीक असायचा. जुन्या बूटपॉलिशच्या डबीवर बटाट्याचा शिक्का करून प्रत्येक पुस्तकावर उमटवला, रजिस्टर केलं, नियम लिहिले, त्यात नियम क्रमांक ४ 'जेवताना वाचू नये' आणि क्रमांक ५ 'जेवताना वाचल्यास सांडू नये'. आठ दिवसांत दोन रुपये तीस पैसे जमले आणि त्या पैशाची आम्ही चालकांनीच पेप्सी खाल्ली, पेप्सी म्हणजे ती प्लॅस्टिकच्या नळीतली, गारेगार, तोंड केशरी करणारी. नवव्या दिवशी एक सभासद तीन पुस्तकं घेऊन मामाच्या गावाला गेला तो जूनमध्ये उगवला आणि पुस्तकं मामाकडंच राहिली म्हणाला. शेजारच्यांनी आपली तीन ओळखून परत नेली. संस्था बुडाली. तेव्हा मला कुणी सांगू नये संस्था चालवणं सोपं असतं म्हणून.

बाकी सुट्टी सगळ्यांची असते तशीच, रसनाच्या एका पाकिटात बत्तीस ग्लास होतात म्हणायचे पण आमच्या आईचे पन्नास व्हायचे, भाड्याचा व्हीसीआर आणला की एका रात्रीत तीन पिक्चर, पहाटेच्या तिसऱ्या पिक्चरला फक्त दादा जागा. कुस्तीवाल्यांची ट्रम्प कार्डं. ते सगळं तुम्हीही केलंय.

एक मात्र सांगायचंच आहे, १९९८ चा एप्रिल. माझी बारावी झालेली, पुढं पुण्याला जायचं ठरलेलं, म्हणजे ती गावातली शेवटची सुट्टी. आता मी मोठ्यांच्या विभागातली सभासद, बालविभागात जायची लाज वाटायची पण दुपारी फरशीवर मात्र जाऊन बसायचे. २२ एप्रिलला शारजात वाळूचं वादळ आलं, मॅच थांबली, सगळं गाव टेलरच्या घरी (आता त्याच्याकडं कलर होता), जिंकायला ४६ ओव्हरमध्ये २७६ आणि फायनलला जायला २३७, हा हिशोब समजावून सांगताना काकांनी खडूनं टेलरच्या कटिंगच्या टेबलावर आकडे मांडलेले. सचिननं १४३ केले, मॅच हरलो, फायनलला गेलो, आणि २४ तारखेला त्याच्या वाढदिवसाला त्यानं पुन्हा १३४. दुसऱ्या दिवशी वाचनालयात क्रिकेटची जेवढी म्हणून जुनी मासिकं होती ती सगळी बाहेर. 'एकच षटकार'चे जुने अंक, ज्यांच्या मधलं पोस्टर अंक टेबलावर यायच्या आधीच कुणीतरी ब्लेडनं कापून नेलेलं असायचं. कोण ते आम्हाला माहीत होतं. सलूनमध्ये लावलेली असायची सगळी.

त्याच सुट्टीत मी बाबूराव अर्नाळकर वाचले, झपाटल्यासारखे. हजारावर रहस्यकथा लिहिल्या या माणसानं, काळा पहाड, झुंझार, तुम्ही वाचत गेलात तरी संपत नाहीत. कव्हर नसलेली, पिवळी पडलेली, सुटी पानं दोऱ्यानं शिवलेली पुस्तकं. आणि आपल्या गावात एक अतिशय नीच माणूस राहत होता, कोण ते आजतागायत कळलं नाही, जो प्रत्येक रहस्यकथेच्या दुसऱ्या पानावर निळ्या शाईनं खुनी कोण ते लिहून ठेवायचा. 'खुनी = डॉक्टर.' खाली सही सुद्धा, वाचता न येणारी. काकांनी त्याच्यासाठी पाळत ठेवली, अक्षर जुळवायला सगळ्यांचे वर्गणीचे फॉर्म काढले, आणि शेवटी कंटाळून दुसरं पान चिकटवून टाकायला लागले. मग तो तिसऱ्या पानावर लिहायला लागला. हे इतकं मजेशीर होतं की पुढं पुढं आम्ही गोष्ट न वाचता तो खरं लिहितो की खोटं तेच तपासायला पुस्तक न्यायचो. दोनदा त्यानं मुद्दाम खोटं लिहिलं होतं.

तर परवा, कार्यवाह जेवायला गेलेले असताना, शिपाई मावशींनी मला बालविभाग उघडून दिला. त्यांच्यावर रागावू नका, मी त्यांच्या मुलीच्या वर्गात होते. कपाटाचं डावं दार बिजागरीतनं निघालंय, ते उचलून धरावं लागतं. वरच्या दोन फळ्यांना वाळवी आहे, खरं आहे, ती पुस्तकं गेलीच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खालच्या तीन फळ्या चांगल्या आहेत, मी मोजून आले, ३४६ पुस्तकं. त्यातली दोनशे तरी नुसत्या बांधणीची आहेत, खळ आणि दोरा लागेल. यंदा मे महिन्यातच पाऊस धरला, आईचं वाळवण निम्मं बुरसलं, आणि तुमच्या त्या भिंतीला ओल आलीय, तिला टेकवलेलं कपाट आधी चार बोटं पुढं ओढा, मग निर्लेखनाचं बघू. २१७ आहे. फास्टर फेणेचं ते पुस्तक मी शोधलं, सापडलं, पण ठशाचं पान कुरतडलेलं आहे. उंदरानं नेमकं तेवढंच, गोल. हिंग जास्त होता तरी.

'जुने अंक सगळे मोबाईलवर मिळतात' असं मला फोनवर सदस्यांपैकी एकांनी सांगितलं. मिळतात, किशोरचे तर १९७१ पासूनचे बालभारतीनं फुकट ठेवलेत आणि फार मोठं काम केलंय त्यांनी, मी स्वतः रात्री झोप येईना की बघते. पण ते माझ्यासारख्यांना, ज्यांना काय शोधायचं ते माहीत आहे. नऊ वर्षांचं पोर 'किशोर १९८४' असं टाइप करणार नाही. त्याला पुस्तक पायात यावं लागतं.

माझं मागणं मोठं नाही. अभ्यासिका खुशाल करा, तिथं पोरं दिवसभर बसणारच आहेत, म्हणजे दार उघडं राहणार आणि पंखा चालू. ते कपाट तिथंच पॅसेजमध्ये ठेवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार पोरांना आत येऊ द्या, आवाज नको ही अट तीच. अभ्यासवाल्यांना त्रास होईल म्हणाल तर माझा भाचा म्हणतो की इकॉनॉमिक्समधनं डोकं वर काढल्यावर समोर चांदोबा दिसला तर चालेल. मोजणी जूनमध्ये करा, पाऊस असतो, नाहीतरी कोण येतंय. बांधणीचा खर्च मी देते आणि पुढच्या मे महिन्यात पंधरा दिवस रजा काढून खळ लावायला मी स्वतः येते, दादालाही आणते, त्यानं गच्चीवर एक दिवस सुद्धा काढलेला नाही.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
सभासद (अनामत रक्कम अजून आपल्याकडेच)
२७ मे २०२५

ता. क. : आईच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आपल्या वाचनालयाचं एक पुस्तक सापडलं, अर्नाळकरांचं, कव्हर नाही. १ जून १९९८ ला परत करायचं होतं, मी त्याच आठवड्यात पुण्याला गेले आणि राहूनच गेलं. दिवसाला दहा पैसे दंडानं येत्या १ जूनपर्यंत ९८६२ दिवसांचे ९८६ रुपये २० पैसे होतात, ते पुस्तकासोबत आणून देते, पावती फाडावी. फक्त पुस्तकाची शेवटची आठ पानं नाहीत, माझ्याकडनं गेली नाहीत, मिळालं तेव्हाच नव्हती. दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावर निळ्या शाईनं दोन वेगवेगळी नावं लिहिलेली आहेत. आपल्याकडे दुसरी प्रत असेल तर ती तेवढी रद्दीत घालू नये.